रॉक संगीतातील नावे : दिली कोणी, राहिली कोणाकडे

‘क्लासिक रॉक’ ही संज्ञा १९८०च्या दशकात अमेरिकेतील एफएम रेडिओ केंद्रांनी रूढ केली. मुख्यतः १९६० आणि १९७०च्या दशकांत ब्रिटन व अमेरिकेत घडलेले, इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम यांच्या आधाराने उभे राहिलेले संगीत या नावाखाली दिवसभर वाजू लागले. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, क्वीन, फ्लीटवूड मॅक, डेव्हिड बोवी, एल्टन जॉन, टीना टर्नर ही त्यातली ठळक नावे. या संगीताचे चाहते जगभर आहेत. त्यांच्या गप्पांत गाणी, अल्बम आणि गिटारवादनाच्या तुलना यांच्या जोडीने एक विषय हमखास निघतो. या कलावंतांची जन्मनावे काय होती, आणि ती बदलली कशासाठी?

अमक्याचे मूळ नाव तमुक, एवढे सांगून हा विषय संपवता येतो आणि पुष्कळदा तो तसा संपवलाही जातो. पण प्रत्येक नावाबाबत आणखी दोन गोष्टी विचारल्या, तर या संगीताचा सामाजिक आणि व्यावसायिक इतिहास समोर येऊ लागतो. ते नाव दिले कोणी, आणि पुढे त्यावर हक्क कोणाचा राहिला? काही नावे आजीने किंवा मित्रांनी दिली, काही मॅनेजरने लादली, काही कलावंताने विचारपूर्वक निवडली. काहींसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

ब्लूजचा वारसा

रॉक संगीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज संगीतातून जन्मले. टोपणनावाने गाण्याची रीतही तिथूनच आली. मिसिसिपीतल्या मॅकिन्ली मॉर्गनफिल्डला लहानपणी चिखलात खेळायची सवय होती, म्हणून आजीने त्याला ‘मडी’ म्हणायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे मडी वॉटर्स हे नाव झाले. चेस्टर बर्नेट हा हाउलिन वुल्फ या नावाने गाजला. रायली किंग मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओ केंद्रावर काम करत असताना त्याला ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ म्हणत. त्याचे आधी ‘ब्लूज बॉय’ आणि मग नुसते ‘बी. बी.’ झाले. बी. बी. किंग हे नाव असे घडले. रिचर्ड पेनिमन ‘लिटल रिचर्ड’ झाला, एलास मॅकडॅनियल ‘बो डिडली’ झाला. ही बहुतेक नावे घरातून, गल्लीतून किंवा श्रोत्यांकडून आलेली होती. रेडिओवर आणि नृत्यगृहांच्या जाहिरातींत ती चटकन लक्षात राहत.

इंग्लंडमधल्या मुलांनी हे संगीत ध्वनिमुद्रिकांवरून आत्मसात केले आणि ऋण मानण्यासाठी नावेही तिथूनच घेतली. रोलिंग स्टोन्सने आपले नाव मडी वॉटर्सच्या १९५०च्या एका ध्वनिमुद्रिकेवरून घेतले. पिंक फ्लॉइडचे नाव सिड बॅरेटने ठेवले. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकी ब्लूज कलावंतांची पहिली नावे त्याने शेजारी शेजारी मांडली. बँड प्रसिद्ध झाल्यावर यांतला पिंक कोण, असे रेकॉर्ड व्यवसायातली माणसे खरोखरच विचारत असत. १९७५च्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बममधील ‘हॅव अ सिगार’ या गाण्यात हा प्रश्न आला आहे. ज्या दोन कलावंतांची ही नावे होती, त्यांच्या वाट्याला पिंक फ्लॉइडच्या कीर्तीचा अल्पांशही आला नाही. त्यांची नावे आज अनेकांना माहीत आहेत ती मुख्यतः पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांच्या कुतूहलामुळे.

मॅनेजरने दिलेली नावे

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये लॅरी पार्न्स हा मॅनेजर तरुण गायक शोधून त्यांना नव्या नावाने रंगमंचावर आणत असे. रेजिनाल्ड स्मिथचा त्याने मार्टी वाइल्ड केला, रॉनल्ड विचर्लीचा बिली फ्युरी, रॉय टेलरचा विन्स ईगर, जॉन अॅस्क्यूचा जॉनी जेंटल आणि क्लाइव्ह पॉवेलचा जॉर्जी फेम. पहिले नाव शेजारच्या मुलाचे असावे तसे साधे आणि आडनाव एखाद्या भावनेचे किंवा आवेशाचे, असा हा साचा होता. जो ब्राउन या गिटारवादकाने मात्र पार्न्सने सुचवलेले एल्मर ट्विच हे नाव साफ नाकारले आणि तो स्वतःच्या नावानेच लोकप्रिय झाला.

पार्न्सच्या गटाबाहेरही हाच प्रघात होता. लखनौमध्ये १९४० साली जन्मलेला हॅरी वेब १९५८ मध्ये क्लिफ रिचर्ड झाला. त्यातले ‘रिचर्ड’ हे लिटल रिचर्डला केलेले अभिवादन होते. पुढे रोलिंग स्टोन्सचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅम याने कीथ रिचर्ड्सच्या आडनावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला. क्लिफ रिचर्डच्या नावाशी ते जुळावे, हा त्यामागचा हेतू होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कीथने तो ‘स’ परत घेतला. जॉन बाल्डविन या तरुण संगीत-संयोजकाला जॉन पॉल जोन्स हे नावही ओल्डहॅमनेच दिले. त्याच नावाच्या चित्रपटाचे पोस्टर पाहून त्याला ते सुचले होते. हा जोन्स पुढे लेड झेपेलिनचा बेसवादक झाला.

पार्न्सच्या पद्धतीचा सर्वांत दूरवर पोहोचलेला परिणाम मात्र त्याच्याच एका गायकाच्या साथीदारांवर झाला. मे १९६० मध्ये जॉनी जेंटलच्या स्कॉटलंड दौऱ्यात साथ करायला लिव्हरपूलचा एक नवखा बँड गेला. सिल्व्हर बीटल्स हे त्याचे तेव्हाचे नाव. सगळे व्यावसायिक गायक टोपणनाव घेतात, मग आपणही घ्यावे म्हणून पॉल मॅकार्टनी ‘पॉल रामोन’ झाला, आणि जॉर्ज हॅरिसनने कार्ल पर्किन्सच्या प्रेमापोटी ‘कार्ल हॅरिसन’ हे नाव घेतले. दौरा संपला आणि ती नावेही मागे पडली. पण १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या चार तरुणांनी मॅकार्टनीचे ते नाव उचलले आणि स्वतःला ‘रामोन्स’ म्हणवले. जेफ्री हायमन जोई रामोन झाला, जॉन कमिंग्ज जॉनी रामोन, डग्लस कॉल्व्हिन डी डी रामोन आणि बुडापेस्टमध्ये जन्मलेला थॉमस एर्डेली टॉमी रामोन. त्यांच्यात रक्ताचे नाते नव्हते. ते घराणे त्यांनी नावातून उभे केले.

एकाच नावाचे दोघे

काही नावे केवळ गोंधळ टाळण्यासाठी बदलली गेली. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये १९४७ साली जन्मलेला डेव्हिड रॉबर्ट जोन्स सुरुवातीला डेव्ही जोन्स या नावाने गात असे. त्याच नावाचा मँचेस्टरचा एक अभिनेता ‘ऑलिव्हर!’ या संगीत नाटकातल्या भूमिकेमुळे लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाला होता. म्हणून १९६५ मध्ये डेव्हिड जोन्सने ‘बोवी’ हे आडनाव घेतले. अमेरिकेच्या सरहद्दीवरचा लढवय्या जिम बोवी आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा सुरा यांवरून ते आले. मंकीज या बँडमधल्या डेव्ही जोन्समुळे बोवीने नाव बदलले, असे चाहते नेहमी सांगतात. व्यक्ती तीच आहे, पण मंकीजची दूरचित्रवाणी मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली आणि बोवी या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका त्याआधीच, जानेवारी १९६६ मध्ये बाजारात आली होती.

कोणी उलट दुसऱ्यांची नावे मुद्दाम घेतली. रेजिनाल्ड ड्वाइट हा पियानोवादक ब्लूजॉलॉजी नावाच्या बँडमध्ये वाजवत असे. स्वतंत्रपणे गायचे ठरल्यावर त्याने त्याच बँडमधला सॅक्सोफोनवादक एल्टन डीन याचे पहिले नाव आणि गायक लाँग जॉन बाल्ड्री याच्या नावातला ‘जॉन’ घेतला. त्यातून एल्टन जॉन तयार झाला. १९७२ मध्ये त्याने कायदेशीररीत्या एल्टन हर्क्युलिस जॉन हे नाव धारण केले. बाल्ड्रीचे ऋण नावापुरते नव्हते. १९६८ मध्ये एल्टन मनाविरुद्ध लग्न करायला निघाला असताना बाल्ड्रीनेच त्याला परावृत्त केले होते. १९७५च्या ‘समवन सेव्ह्ड माय लाइफ टुनाइट’ या गाण्यात तो प्रसंग आहे. हे ठाऊक असले की गाणे अधिक जवळचे वाटते.

आडनाव, वंश आणि स्थलांतर

काही नावांमागे स्थलांतराची आणि वंशभेदाची पार्श्वभूमी आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्यू, इटालियन किंवा पूर्व युरोपीय आडनावे मनोरंजन व्यवसायात अडचणीची मानली जात. मिनेसोटात वाढलेल्या रॉबर्ट झिमरमनने न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट १९६२ मध्ये कायदेशीररीत्या बॉब डिलन हे नाव घेतले. वेल्श कवी डिलन टॉमस याच्याशी या नावाचा संबंध त्याने आधी झटकून टाकला, पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्या कवीच्या वाचनाचा उल्लेख केला. फ्लीटवूड मॅकचा संस्थापक पीटर ग्रीन हा मूळचा ग्रीनबॉम. किस या बँडचा जीन सिमन्स इस्राएलमध्ये खाइम विट्झ म्हणून जन्मला, आठव्या वर्षी आईबरोबर न्यूयॉर्कला आला, तिथे आधी जीन क्लाइन झाला आणि मग सिमन्स. त्याचा सहकारी पॉल स्टॅन्ली याचे जन्मनाव स्टॅन्ली आयझन.

रश या कॅनडाच्या बँडचा गायक आणि बेसवादक गेडी ली याचे उदाहरण याच्या उलट आहे. त्याचे नाव गॅरी वाइनरिब. नाझी छळछावण्यांतून वाचून कॅनडाला आलेली त्याची आई ‘गॅरी’ हा शब्द आपल्या पोलिश वळणाने ‘गेडी’ असा उच्चारत असे. मित्रांनी तोच उच्चार उचलला आणि त्याने पुढे तेच अधिकृत नाव केले. इतरांनी घरचे वळण पुसण्यासाठी नाव बदलले, गेडी लीने ते जपण्यासाठी बदलले.

या सगळ्यांत मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचे उदाहरण फ्रेडी मर्क्युरीचे आहे. फारुख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. वडील बोमी ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते. बलसारा हे आडनाव गुजरातमधल्या बलसाड, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वयाच्या आठव्या वर्षी फारुखला शिक्षणासाठी महाराष्ट्रात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवण्यात आले. ही निवासी शाळा होती. तिथे तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांना घेऊन त्याने ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले वाजवत. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला याच शाळेत मिळाले आणि पुढे घरच्यांनीही ते स्वीकारले. म्हणजे जगाला माहीत असलेल्या त्याच्या नावाचा पहिला अर्धा भाग साताऱ्याच्या डोंगरात घडला.

१९६४च्या झांझिबार क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडमध्ये फेल्टम इथे स्थायिक झाले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले. १९७० मध्ये तो गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्याबरोबर आला. बँडला ‘क्वीन’ हे नाव त्याने सुचवले, बँडचे राजचिन्हासारखे बोधचिन्ह त्याने रेखाटले आणि स्वतःसाठी ‘मर्क्युरी’ हे आडनाव त्यानेच निवडले. १९७३च्या पहिल्या अल्बममधील ‘माय फेअरी किंग’ या गाण्यात मर्क्युरी हा शब्द येतो. हे आडनाव त्या गाण्याच्या निमित्ताने आले, अशी आठवण ब्रायन मे सांगतो.

मर्क्युरीने आपले मूळ लपवले का, यावर चाहत्यांत वर्षानुवर्षे वाद चालत आले आहेत. तो भारताविषयी आणि पारशीपणाविषयी जाहीरपणे क्वचितच बोलला, हे खरे आहे. पण त्याला नुसती लपवाछपवी म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदाराने स्थलांतरितांविरुद्ध केलेल्या भाषणाने ब्रिटन ढवळून निघाले होते आणि दक्षिण आशियाई चेहऱ्याच्या तरुणांना रस्त्यावर त्याची झळ बसत होती. शिवाय फ्रेडीला सबंध स्वतःलाच नव्याने घडवायचे होते. बोधचिन्ह, वेशभूषा, रंगमंचावरचा वावर आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’सारख्या (१९७५) गाण्याची रचना यांत जी आखणी दिसते, तीच नावातही आहे. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. मर्क्युरी झाल्यामुळे बलसारा संपला नव्हता.

मित्रांनी ठेवलेली नावे

निवडलेल्या नावांच्या मानाने मित्रांनी ठेवलेली नावे अधिक टिकाऊ ठरतात, कारण ती आधीच वापरात रुळलेली असतात. लिव्हरपूलच्या रिचर्ड स्टार्कीला बोटांत पुष्कळ अंगठ्या घालायची आवड होती, म्हणून तो रिंगो झाला. १९६० मध्ये तो रॉरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स या बँडबरोबर एका सुट्टीच्या छावणीत ड्रम वाजवत होता. तिथे त्याच्या गाण्यांसाठी राखलेल्या वेळाला ‘स्टार टाइम’ म्हणत आणि आडनावाचे ‘स्टार’ हे रूप तिथे पक्के झाले. तरीही गीतकार म्हणून तो जन्मनावच लावतो. ‘ऑक्टोपसेस गार्डन’ या बीटल्सच्या गाण्याचे श्रेय ‘स्टार्की’ या नावाने नोंदलेले आहे, आणि २०१८ मध्ये मिळालेली नाइट ही पदवीही रिचर्ड स्टार्कीलाच आहे. रंगमंचावर एक नाव आणि कागदोपत्री दुसरे, अशी विभागणी त्याने आयुष्यभर सांभाळली.

न्यूकॅसलचा गॉर्डन समनर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा स्वेटर घालून जॅझ बँडमध्ये वाजवायला येई. सहकाऱ्यांना त्यात गांधीलमाशी दिसली आणि त्यांनी त्याला स्टिंग म्हणायला सुरुवात केली. गन्स एन’ रोझेसचा गिटारवादक सॉल हडसन सतत घाईत असे, म्हणून कुटुंबाचा स्नेही असलेला अभिनेता सेमूर कॅसल त्याला स्लॅश म्हणू लागला. डब्लिनच्या पॉल ह्यूसनला मित्रांनी श्रवणयंत्रांच्या बोनाव्हॉक्स या दुकानाच्या नावावरून हाक मारली आणि यू टू या बँडला बोनो मिळाला. सिड बॅरेटचे ‘सिड’ हेही असेच, केंब्रिजमधल्या एका जुन्या जॅझ वादकाच्या नावावरून पडलेले. त्याचे खरे नाव रॉजर.

नाव नव्हे, भूमिका

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नावाला वेगळेच वजन आले. व्हिन्सेंट फर्नियर आणि त्याच्या मित्रांचा बँड आधी ‘नॅझ’ म्हणवत असे. त्याच नावाचा दुसरा बँड असल्याचे कळल्यावर १९६८ मध्ये त्यांनी ‘अॅलिस कूपर’ हे नाव घेतले. ते सबंध बँडचे नाव होते. सौम्य बाईचे वाटणारे नाव आणि रंगमंचावर गिलोटिन, साप, काळ्या रंगाने माखलेले डोळे, हा विरोध प्रेक्षकांना चकित करी. लोक गायकालाच अॅलिस म्हणू लागले. त्याने ते कायदेशीररीत्या स्वीकारले आणि बँड फुटल्यावर १९७५ मध्ये ‘वेलकम टू माय नाइटमेअर’ हा अल्बम एकट्याचा म्हणून काढला. मात्र तो मुलाखतींत अॅलिसविषयी नेहमी तृतीयपुरुषी बोलतो, जणू ती रंगमंचावरच राहणारी व्यक्ती आहे.

बोवी याच्याही पुढे गेला. १९७२ मध्ये त्याने झिगी स्टारडस्ट हे पात्र निर्माण केले. परग्रहाशी नाते सांगणारा हा रॉक गायक आपल्याच प्रसिद्धीने संपतो. बोवी महिनोन्महिने त्या वेशात गायला आणि ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन सभागृहात त्याने झिगीला निरोप दिला. हा आपला शेवटचा कार्यक्रम असल्याचे त्याने रंगमंचावरून जाहीर केल्यावर अनेकांना बोवीच निवृत्त होत आहे असे वाटले. झिगीच्याच काळात अलॅडिन सेन आणि पुढे थिन व्हाइट ड्यूक अशी पात्रेही आली. कायद्याच्या नोंदींत मात्र तो अखेरपर्यंत डेव्हिड रॉबर्ट जोन्सच होता आणि चित्रपट दिग्दर्शक झालेला त्याचा मुलगा डंकन जोन्स हेच आडनाव लावतो.

१९७३ मध्ये सुरू झालेल्या किस या बँडने चौघांना चार पात्रे आणि चार रंगवलेले चेहरे दिले. पुढे एस फ्रेली आणि पीटर क्रिस बाहेर पडल्यावर त्यांच्या चेहऱ्यांची रंगभूषा टॉमी थेअर आणि एरिक सिंगर यांनी धारण केली. चेहरा ही बँडची मालमत्ता झाली होती. माणूस बदलला तरी चेहरा चालू राहिला.

हक्काची लढाई

इंग्लंडच्या कायद्यात फसवणुकीचा हेतू नसेल तर माणूस हवे ते नाव वापरू शकतो. ‘डीड पोल’ हा दस्तऐवज त्या बदलाचा पुरावा असतो. अमेरिकेत साधारणपणे कोर्टाचा आदेश घेतात. पण रंगमंचावरचे नाव व्यापारी मूल्य कमावते तेव्हा ते ट्रेडमार्क किंवा कराराचा विषय बनते आणि ज्याच्या ओठी गाणे, त्याचेच नाव, असे राहत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण टीना टर्नरचे आहे. १९३९ मध्ये जन्मलेली आणि टेनेसी राज्यातल्या नटबुश गावी वाढलेली अॅना मे बुलक ही आइक टर्नरच्या बँडमध्ये गाऊ लागली. १९६० मध्ये ‘अ फूल इन लव्ह’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा आइकने तिला न विचारता तिचे नाव ‘टीना टर्नर’ असे ठेवले आणि ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवले. ती सोडून गेली तर दुसऱ्या गायिकेला टीना म्हणून उभे करता यावे, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे आइकशी तिचे लग्न झाले. अनेक वर्षे त्याची मारहाण सोसल्यावर १९७६ मध्ये ती त्याला सोडून निघाली. १९७८ मध्ये घटस्फोट झाला, तेव्हा तिने पैसा आणि मालमत्ता यांवरचा हक्क जवळजवळ सगळा सोडला, पण नावावरचा सोडला नाही. त्या नावावर तिने पुन्हा छोट्या सभागृहांतून सुरुवात केली आणि १९८४ मध्ये ‘प्रायव्हेट डान्सर’ या अल्बमने, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ती जगातल्या सर्वांत मोठ्या गायकांच्या पंक्तीत जाऊन बसली. जे नाव तिला बांधून ठेवण्यासाठी दिले होते, तेच तिने स्वतःच्या कष्टाने आपले केले.

जॉन मेलनकॅम्पचा प्रवास उलट दिशेने झाला. इंडियानातल्या या गायकाचा पहिला अल्बम १९७६ मध्ये निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर ‘जॉनी कूगर’ हे नाव छापलेले त्याला दिसले. मॅनेजर टोनी डिफ्रीज याने ते परस्पर ठरवले होते. हाच डिफ्रीज झिगीच्या काळात बोवीचा मॅनेजर होता. मेलनकॅम्पला नाव परत मिळवायला पंधरा वर्षे लागली. आधी जॉन कूगर, १९८३ पासून जॉन कूगर मेलनकॅम्प आणि १९९१ मध्ये शेवटी जॉन मेलनकॅम्प. प्रत्येक यशस्वी अल्बमनंतर त्याला थोडे थोडे नाव परत मिळत गेले. सेक्स पिस्टल्सच्या जॉनी रॉटनचे खरे नाव जॉन लायडन. १९७८ मध्ये बँड फुटल्यावर ‘रॉटन’ या नावावर मॅनेजर माल्कम मॅक्लॅरेनने हक्क सांगितला, म्हणून लायडनने पुन्हा आपले खरे आडनाव लावून नवा बँड उभा केला.

बँडच्या नावांवरही असेच दावे झाले. फ्लीटवूड मॅक हे नाव पीटर ग्रीनने १९६७ मध्ये ड्रमर मिक फ्लीटवूड आणि बेसवादक जॉन मॅक्वी यांच्यावरून ठेवले, तेही मॅक्वी बँडमध्ये येण्याआधीच. १९७४ मध्ये मॅनेजर क्लिफर्ड डेव्हिसने हे नाव आपल्या मालकीचे असल्याचे सांगून भलतेच वादक घेऊन अमेरिकेचा दौरा सुरू केला. मूळ बँडला कोर्टात जावे लागले. रॉजर वॉटर्सने १९८५ मध्ये पिंक फ्लॉइड सोडले आणि बँड संपला असे मानले. डेव्हिड गिलमर आणि निक मेसन यांनी ते अमान्य केले. १९८७च्या अखेरीस तडजोड होऊन नाव त्यांच्याकडे राहिले.

तात्पुरती आणि परत केलेली नावे

काही टोपणनावे एका गाण्यापुरती असतात. क्रीम बँडच्या १९६९च्या ‘बॅज’ या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने गिटार वाजवले, पण त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी असल्याने श्रेयनामावलीत ‘लान्जेलो मिस्टेरियोसो’ असे छापले गेले. मॅकार्टनीने १९६६ मध्ये पीटर अँड गॉर्डन या जोडीला दिलेले ‘वुमन’ हे गाणे बर्नार्ड वेब या नावाने लिहिले. प्रसिद्ध नावाशिवाय गाणे चालते का, हे त्याला पाहायचे होते. १९८८ मध्ये हॅरिसन, डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन एकत्र आले ते ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ म्हणून. पाचही जण विल्बरी आडनावाचे सावत्र भाऊ असल्याचा बहाणा त्यांनी केला आणि अल्बमवर आपली प्रसिद्ध नावे येऊ दिली नाहीत.

काहींनी नाव मागे ठेवून दुसरे आयुष्य निवडले. लंडनमध्ये ग्रीक सायप्रियट वडिलांच्या घरी जन्मलेला स्टीव्हन जॉर्जिऊ कॅट स्टीव्हन्स या नावाने प्रसिद्ध झाला. १९७७ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला, पुढे युसुफ इस्लाम हे नाव घेतले आणि दीर्घकाळ लोकप्रिय संगीतापासून दूर राहिला. २००६ मध्ये तो ‘युसुफ’ म्हणून परतला. मानसिक आजारामुळे पिंक फ्लॉइड सोडावे लागलेला सिड बॅरेट केंब्रिजला परत गेला आणि २००६ मधील मृत्यूपर्यंत पुन्हा रॉजर म्हणूनच जगला. त्याच्या आठवणीत मित्रांनी रचलेले ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे दीर्घ गीत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉन लेननने २२ एप्रिल १९६९ रोजी लंडनमधल्या अॅपल कंपनीच्या गच्चीवर पत्नी योकोचे ‘ओनो’ हे नाव स्वतःच्या नावात घेतले. पतीने पत्नीचे नाव घ्यावे, ही त्या काळात धक्कादायक गोष्ट होती.

कथा आणि पुरावा

नावांच्या कथा तोंडोतोंडी पसरतात आणि पसरताना सुबक होत जातात. कलावंतही त्यांत भर घालतात. डिलनने स्वतःच्या नावाबद्दल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले. लेड झेपेलिन हे नाव ज्या विनोदातून आले, तो विनोद कोणी केला याबद्दल ‘द हू’ या बँडमधल्या कीथ मून आणि जॉन एन्टविसल या दोघांची नावे घेतली जातात. अशा वेळी चाहत्याने काही साध्या कसोट्या लावाव्यात. गाण्याखालचे गीतकाराचे श्रेय पाहावे, ध्वनिमुद्रिकेचे साल आणि कथेतले साल जुळते का ते पाहावे, आणि कलावंताने स्वतः लिहिलेले व सोबत्यांनी सांगितलेले शेजारी ठेवून वाचावे. बोवी आणि मंकीज यांची कथा अशा एका तारखेनेच दुरुस्त होते.

जन्मनाव तेवढे खरे आणि रंगमंचावरचे नाव खोटे, ही समजूत या साऱ्या इतिहासापुढे टिकत नाही. नाव खरे ठरते ते ज्याने त्याखाली काम केले त्याच्या मेहनतीने. म्हणून मॅनेजरने लादलेले नाव झुगारणारा मेलनकॅम्प आणि लादलेले नाव झगडून आपलेसे करणारी टीना टर्नर, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. चाहत्यांनी पुढच्या वेळी एखाद्या गायकाचे मूळ नाव शोधले, तर तेवढ्यावर थांबू नये. ते नाव कोणी दिले, त्याचा लाभ कोणाला झाला आणि शेवटी ते कोणाच्या हाती राहिले, हेही शोधावे आणि मग ती गाणी पुन्हा ऐकावीत.